काचेत समुद्र मांडायचाय? मग आधी सांगा, दगड कुठून आणणार

जिंतूरला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा किनारा गाठायचा म्हटलं तरी साडेचारशेच्या वर किलोमीटर, आणि त्यासाठी रेल्वे पकडायची तर आधी परभणी गाठावी लागते. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत मला एक प्रश्न सारखा येतोय. "भाऊ, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी लाईव्ह रॉक कुठं मिळंल? बिगर बिलाचा असला तरी चालंल."

पत्रकाराला लोक पीकविम्यापासून जातपडताळणीपर्यंत सगळं विचारतात, त्यात हे एक नवीन. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्वी फिशटँक म्हणजे गोल्डफिश, दोन गप्पी, प्लॅस्टिकचं झाड आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा डबा. आता दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, मोबाईलच्या शोरूममध्ये, एखाद्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये मरीन टँकची हौस आलीय. लेकरांना 'निमो' पाहिजे असतो. तो सिनेमा २००३ चा, पण त्या केशरी-पांढऱ्या माशाची ओढ अजून ओसरली नाही. निमो आला की खारं पाणी आलं, आणि खारं पाणी आलं की दुकानदार पहिली वस्तू सांगतो ती म्हणजे दगड. साधा नाही, 'जिवंत दगड'.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समुद्रातून उचललेला दगड कुणी घेऊ नये, बिलाचा नाही अन् बिगर बिलाचाही नाही. पण हे न घेण्याची सगळी जबाबदारी जिंतूरच्या एखाद्या हौशी पोरावर टाकून सरकारने हात झटकणं मला मान्य नाही. दोन्ही बाजू मांडतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी दगडाचं काम काय ते बघू. पुष्कळांना वाटतं की दगड शोभेचा असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत बऱ्याच अंशी तसंच असतं. खाऱ्या टाकीत दगड म्हणजे त्या टाकीची नगरपालिका. मासा खातो, घाण करतो, उरलेलं खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विष. दगडावर आणि दगडाच्या छिद्रांत जे जिवाणू वाढतात त्यांतले काही या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट तुलनेने कमी घातक. दगडाच्या अगदी आत, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथं आणखी वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. आपल्याकडं शेणखताचा खड्डा ज्यांनी नीट सांभाळलाय त्यांना हे समजायला अवघड नाही. वरचा थर वेगळं कुजतो, तळाचा थर वेगळं.

म्हणून दगड जितका सच्छिद्र तितका चांगला. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत चुना. त्यात मुंगीच्या वारुळासारखी असंख्य भोकं. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास राहावा लागतो, आणि चुन्याचा दगड त्याच्या विरोधात तरी जात नाही. म्हणून जगभर रीफ टँकवाले प्रवाळाच्याच दगडामागे लागले.

'लाईव्ह रॉक' या नावात एक फसगत आहे. दगड जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा समुद्रात वर्षानुवर्षं पडून राहतो, त्यावर जांभळं-गुलाबी शेवाळ चढतं, आत जिवाणू, बारीक किडे, कोलंबीची पिल्लं, स्पंज घर करतात. तो दगड समुद्रातून काढून ओल्या कागदात गुंडाळून पाठवला की ज्याला 'लाईव्ह रॉक' म्हणतात ते झालं. आता तुम्हीच विचार करा, समुद्रातून निघाला, गोदामात पडला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसला, मे महिन्यात परभणीच्या स्टँडवर उतरला. त्यातलं किती जिवंत राहिलं असेल? वाटेत जे मेलं ते टाकीत आल्यावर सडतं आणि अमोनियाचा भडका उडतो. म्हणून असा दगड कित्येक आठवडे वेगळ्या टबात मुरवावा लागतो. जिवंत काय राहिलं म्हणाल, तर पुष्कळदा नको ते राहतं. मासे मारणारी मँटिस कोलंबी, काटेरी किडे, आणि एप्टेशिया नावाचं एक समुद्रफूल, जे एकदा टाकीत शिरलं की गाजरगवतासारखं हटत नाही. म्हणजे पैसे देऊन तण विकत घ्यायचं.

हे झालं हौसेचं. आता कायद्याचं बघा, कारण इथं आपल्या भागातल्या लोकांची मोठी गफलत होतेय.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. २००१ साली केंद्राने त्याच्या अनुसूची १ मध्ये प्रवाळ घातले. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे. अनुसूची १ म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या, तरी प्रवाळ पहिल्याच यादीत राहिले. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अशी वस्तू तुमच्या ताब्यात होती हे एकदा सिद्ध झालं की ती बेकायदा नव्हती हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. "मला दुकानदाराने सांगितलं होतं साहेब, हा नुसता दगड आहे," हे वाक्य तिथं उपयोगी पडत नाही. कायदा फक्त जिवंत प्राण्यालाच नाही, त्याच्या सांगाड्याला, तुकड्याला, त्यापासून केलेल्या वस्तूलाही लागू होतो.

काही जण म्हणतील, जिंतूरमध्ये कुणाकडं आलंय प्रवाळ? जरा आजूबाजूला बघा. किती दुकानांत गल्ल्याच्या वर, किती घरांत दारावर, काळ्या चौकटीत लाल कापडावर चिकटवलेलं 'इंद्रजाल' आहे? काळं, फांद्या-फांद्यांचं, वाळलेल्या झुडपासारखं दिसतं. विकणारा सांगतो समुद्रातली दुर्मिळ वनस्पती आहे, नजर लागत नाही, बरकत येते, वास्तुदोष जातो. ती वनस्पती नाही. तो प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे, एक तर समुद्री पंखा नाही तर काळा प्रवाळ. दोन्ही अनुसूची १ मध्ये. वनविभागाने राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी यावर धाडी टाकल्यात, गुन्हे दाखल केलेत. म्हणजे जो माणूस आयुष्यात समुद्रात पाय बुडवून आला नाही, तो वाघाच्या कातड्याच्या तोडीचा गुन्हा भिंतीवर टांगून रोज त्याला उदबत्ती लावतोय. (पोवळ्याची अंगठी हा वेगळा विषय आहे. लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्राकडचं. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आणि गंमत म्हणजे कायद्याच्या यादीत प्राण्यांची नावं आहेत, 'लाईव्ह रॉक' हा बाजारातला शब्द नाही. मग विकणारा म्हणतो, "हा कोरल नाही सर, रॉक आहे." घेणाऱ्याला वाटतं बरोबर आहे. धाडीत मात्र तोच दगड तज्ज्ञाकडं जातो आणि तज्ज्ञ सांगतो की हा कठीण प्रवाळाचा सांगाडा. ही पळवाट विक्रेत्याला माहीत असते आणि गिऱ्हाइकाला नसते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथंच आहे.

"पण एवढ्याशा दगडाने समुद्राचं काय जातं?" हा प्रश्नही येतो, आणि तो विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याचं उत्तर तामिळनाडूत आहे. मन्नारच्या आखातात एकवीस बेटं होती. तिथं कित्येक वर्षं चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि कारखान्यांसाठी प्रवाळ खणून होड्या भरून नेले गेले. प्रवाळाची भिंत लाटांचा मार अंगावर घेत होती, ती गेली, मागची वाळूची बेटं झिजली. एकवीसमधली दोन बेटं आज पाण्याखाली आहेत. चांगली नावगाव असलेली बेटं होती ती. प्रत्येक होडीवाल्याला वाटलं असणार, माझ्या एका होडीने काय होतंय. आपल्याकडं नदीतल्या वाळूचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. पूर्णेच्या काठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वाळू गेल्यावर विहिरीच्या पाण्याचं काय झालं.

शिवाय प्रवाळाला दुसरा मार बसतोच आहे. समुद्र तापतोय. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. विरंजन म्हणजे पाणी तापल्यावर प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि ताप लांबला तर मरतात. त्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तो फटका बसला. आधीच आजारी असलेल्याच्या अंगणातली भिंत आपण काढून न्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

आता सरकारची बाजू. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी काय झालं आठवतं? वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या अठरा वसाहती सापडल्या. सगळ्या अगदी छोट्या. पण अनुसूची १ असल्यामुळे वनविभागाची रीतसर परवानगी घ्यावी लागली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरला हलवल्या गेल्या. त्यावर वाद झाला, व्हायलाच पाहिजे होता. रस्त्यासाठी प्रवाळ हलवावेत की प्रवाळांसाठी रस्ता, हा मोठा विषय आहे. पण एक गोष्ट दिसली की मनात आणलं तर यंत्रणा अठरा मुठीएवढ्या वसाहतींचाही हिशेब ठेवू शकते. मग तीच यंत्रणा मोबाईलवर उघडपणे चाललेली किलोच्या भावाची दगडविक्री का बघत नाही? ज्या ग्रुपमध्ये जिंतूरचा पोरगा सहज घुसू शकतो, तिथं वनविभागाचा माणूस घुसू शकत नाही?

धाड पडते तेव्हा सापडतो तो शेवटचा माणूस. एक तर किनाऱ्यावरचा गरीब, ज्याला दिवसाची मजुरी मिळाली, नाही तर आपल्यासारख्या गावातला घेणारा. मधला जो खरा कमावतो त्याचा पत्ता लागत नाही. वाळूत हेच, गुटख्यात हेच, दगडातही हेच.

नियम करायचा प्रयत्न झाला नाही असंही नाही. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. नोंदणी, टाकीचे निकष, आणि १५८ जातींच्या विक्रीवर बंदी. गदारोळ झाला, कारण दुकानदार, मासे वाढवणारे, निर्यात करणारे कुणालाच नीट विचारलं नव्हतं, आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. मागे घेतले ते मला चूक वाटत नाही, यादी फारच आडमाप होती. चूक ही की त्यानंतर त्याच्या जागी धड काही आलं नाही. आज गावातल्या मत्स्यालयाच्या दुकानाला काय विकता येतं आणि काय नाही हे मराठीत सांगणारा एक साधा फलक कुठल्याही दुकानात मला दिसला नाही. देशी दारूच्या दुकानात असतो, किटकनाशकाच्या दुकानात असतो. इथं का नाही?

हे झालं तक्रारीचं. पण ज्याला टाकी करायचीच आहे त्याने दगड कुठला घ्यावा? कारण नुसतं "घेऊ नका" म्हणून हौस थांबत नसते. मी ज्यांच्या टाक्या वर्षानुवर्षं चांगल्या चालल्यात अशा दोघा-तिघांशी बोललो, वाचलं, काही दगड स्वतः तपासून बघितले.

आपल्या तालुक्याचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नेमगिरीची लेणी याच दगडात, चारठाण्याची मंदिरं याच दगडाची. टाकीसाठी तो वाईट नाही, पण खाऱ्या टाकीला फारसा कामाचाही नाही. घट्ट असतो, भोकं कमी, जिवाणूंना जागा कमी, आणि चुना नाही. जाळीदार, हलका बेसाल्ट मिळाला तर बरा, पण त्याच्या पोकळ्यांत काय भरलंय ते नक्की नसतं, लोहही असतं. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मात्र याच्यासारखा दगड नाही, आणि तो फुकट आहे.

दगड चुन्याचा आहे का हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लिंबू पिळा, नाही तर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फेस आला, चरचरला तर चुना आहे. काळा पाषाण गप्प बसतो. (पण काळ्या पाषाणातल्या पांढऱ्या शिरेवर टाकाल तर तीही कधी कधी चरचरते, फसू नका. तो कॅल्साइट असतो.) गोड्या पाण्याच्या टाकीला बहुतेक वेळा न चरचरणारा दगड घ्यावा, खाऱ्याला चरचरणारा.

चरचरणारा दगड आपल्या पायाखालीच आहे. शहाबादी फरशी! मराठवाड्यात ओटा, न्हाणी, व्हरांडा सगळीकडं तीच. ती कलबुर्गीकडून येते आणि ती चुनखडकाची आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे ती फरशी. म्हणजे समुद्र घरात आधीच आहे, आपण त्यावर कपडे धुतो. तिचे तुकडे टाकीत चालतात, कपार करायला, खालचा पाया करायला चांगले. पण सपाट आणि घट्ट, भोकं नाहीत. सगळी टाकी त्यावर चालणार नाही. संगमरवराच्या तुकड्यांचंही तेच.

काळ्या रानात निघणारी चुनखडीची ढेकळं, ज्याच्या पूर्वी चुन्याच्या भट्ट्या लागायच्या, तीही चरचरतात आणि भोकाभोकांची असतात. पण त्यात चिकणमाती भरलेली असते, आणि दुसरा मोठा धोका म्हणजे फवारणी. कापसाच्या, सोयाबीनच्या बांधावरचा दगड टाकीत टाकू नका. त्याने किती वर्षांचं औषध पिलंय सांगता येत नाही, आणि जे किडीला मारतं ते कोलंबीला आधी मारतं. तसंच ज्या जुन्या टाकीत माशांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरलंय तिथला दगडही घेऊ नका. दगड तांबं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.

मग सगळ्यात चांगला पर्याय? माझ्या मते दोन. एक, कारखान्यात केलेला सिरॅमिकचा किंवा सिमेंटसारख्या मिश्रणाचा सच्छिद्र दगड, जो बिलासह मिळतो. बिलावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. 'ड्राय रॉक' नावाने जुन्या, जमिनीवरच्या खाणीतला प्रवाळखडकही परदेशात विकतात, पण आपल्याकडं त्या नावाखाली समुद्रातलाच दगड वाळवून विकला जात नाही याची खात्री कोण देणार? तज्ज्ञाला दोन्ही सांगाडेच दिसणार. म्हणून मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे घरी केलेला दगड, आणि इथं आपल्या गावची माणसं कुणापेक्षा कमी नाहीत. एक भाग सिमेंट, तीन ते चार भाग शिंपल्यांचा चुरा आणि खडेमीठ. शिंपल्यांचा चुरा कोंबडीच्या खाद्याच्या दुकानात पोत्याने मिळतो, अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना देतात तोच. ओल्या वाळूत हाताने खड्डे करून त्यात हे मिश्रण ओतायचं, मध्ये कपारी ठेवायच्या. घट्ट झालं की पाण्यात टाकायचं, मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. मग धीर धरायचा. सिमेंट पाण्याचा पीएच भयंकर वाढवतं, त्यामुळे पाणी बदलत बदलत सहा-आठ आठवडे तरी, पीएच जागेवर येईपर्यंत मुरवायचं. घाई केली तर मासे गेले. कोणत्याही मिस्त्रीला हे एकदा दाखवा, तो तुमच्यापेक्षा सुंदर दगड करून देईल.

असा कोरा दगड टाकीत मांडला की लगेच मासे सोडायचे नाहीत. चालू टाकीवाल्या मित्राच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, किंवा बाटलीतले जिवाणू घ्या, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. महिना-दीड महिना लागतो. जांभळा रंग चढायला वर्ष लागेल. जुना हिशेब लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम दगडाचा होता, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला वीस-पंचवीस किलो. दगड हलका, सच्छिद्र असेल तर त्याहून कमीत भागतं. दगड वाळूवर नाही, खालच्या बैठकीवर टेकवा, नाही तर मासे वाळू उकरतात, ढीग घसरतो आणि काच जाते.

आणि कृपा करून चारठाण्यातला, कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारातला पडका कोरीव तुकडा 'अँटिक दिसतो' म्हणून टाकीत मांडू नका. लोणार सरोवराच्या काठचा तर नाहीच नाही. जगातलं ते विरळ विवर आहे, अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ आहे, आणि तिथला एकेक दगड चंद्र-मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना लागतो. दोन्ही ठिकाणी दगड हलवणं हा गुन्हाच आहे, फक्त कायदा वेगळा.

आता अवघड जागेचं बोलतो. खाऱ्या टाकीला लागणारं पाणी आरओचं लागतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया घालवतो. दोनशे लिटरची टाकी पहिल्यांदा भरायला चारशे ते सहाशे लिटर पाणी वाया, वर साताठ किलो समुद्री मीठ. पुढं दर आठवड्याला बदलायचं पाणी वेगळं, उन्हाळ्यात उडून जाणारं वेगळं. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि टाकीतलं पाणी पंचवीस-सव्वीस अंशावर ठेवायचं असतं, म्हणजे चिलर आला, वीज आली. लाईट गेली, पंप थांबला, की काही तासांत प्राणवायू संपतो. नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि दुपारी किती वेळ लाईट जाते हे जिंतूरकरांना मी काय सांगू. येलदरी धरण तालुक्यात असून ही गत. ज्याच्याकडं बोअर, इन्व्हर्टर आणि पैसा आहे त्याने करावं, माझी हरकत नाही, वाया जाणारं पाणी झाडाला घालावं एवढंच. पण कर्ज काढून मरीन टँक करू पाहणाऱ्या पोरांना मी गोड्या पाण्याची टाकीच सांगतो. काळा पाषाण आणि आपल्या नदीतल्या बारक्या माशांची टाकी मी एके ठिकाणी पाहिली, निमोच्या टाकीपेक्षा ती जास्त वेळ बघावीशी वाटली.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला भाव नाही, रस्त्यांना खड्डे आहेत आणि हे काय माशांच्या दगडाचं पुराण लावलंय. खड्ड्यांवर मी लिहितोच, पुढंही लिहीन. पण उद्या तालुक्यातल्या एखाद्या पोरावर वीस किलो दगडासाठी सात वर्षांची टांगती तलवार आली, तर तेव्हा लिहून काय उपयोग?

वनविभाग आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडं माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मत्स्यालयाच्या दुकानात आणि पूजासाहित्याच्या दुकानात मराठी फलक लावा, त्यावर इंद्रजालाचा आणि प्रवाळदगडाचा फोटो छापा. लोकांच्या घरात आधीच जे आहे ते न घाबरता जमा करता यावं म्हणून एक जाहीर मुदत द्या. परदेशी पोपट, कासवं, सरडे पाळणाऱ्यांना केंद्राने २०२० साली स्वेच्छेने माहिती द्यायची सवलत दिली होती, मग अज्ञानाने इंद्रजाल टांगणाऱ्या किराणा दुकानदाराला का नाही? आणि मोबाईलवरच्या विक्रीवर लक्ष ठेवा, घेणाऱ्याआधी विकणाऱ्याला धरा.

एक मोठी मागणीही आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रातून असा दगड काढायला १९९० च्या दशकात बंदी आली. पण तिथं बंदीवर थांबले नाहीत. जमिनीवरच्या खाणीतला चुनखडक होडीने नेऊन परवाना दिलेल्या समुद्राच्या तुकड्यात टाकायचा, दोन-चार वर्षांनी जीवजंतूंसकट उचलून विकायचा, याला परवानगी दिली. म्हणजे दगडाची शेती. आपल्याकडं ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने क्लाउनफिशची पैदास सुरू केलीय, म्हणजे निमो आता समुद्रातून न पकडता मिळू शकतो. मग दगडाची शेती सिंधुदुर्गात का होऊ नये? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, आणि तिथल्या मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध, कारण अभयारण्य आलं की आपल्या हातचं जातं असंच त्यांना दिसलं. अभयारण्याच्या बाहेर, त्यांच्याच संस्थांना परवाने देऊन, खुणा केलेला, बिल असलेला दगड त्यांनी विकला तर त्यांच्या घरात चार पैसे येतील, आणि जिंतूरच्या पोराला 'बिगर बिलाचा' म्हणायची वेळ येणार नाही. यासाठी कायद्यात थोडी वाट करावी लागेल. ती करा.

तोपर्यंत, ज्यांच्याकडं आधीच टाकी आहे त्यांनी या पोस्टखाली कौतुकाने फोटो टाकू नका. आधी दगडाचं बिल शोधा, त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि गल्ल्यावरच्या चौकटीकडंही एकदा बघा.